बाराव्या बरणीतली पूड

१

विज्ञानाच्या नव्या बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हाही बरण्या अकराच भरल्या.

गुरुवार होता. दुपारचा दीड वाजला होता. प्रयोगशाळेच्या ओट्यावर तपकिरी काचेच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे बारा ओळींची यादी पडली होती. जुनी, निकामी, घातक रसायनं. शुक्रवारी ती नेणारी गाडी येणार होती. बुधवारी सकाळी बाईंनी स्वतः बारा बरण्या मोजून खोलीला कुलूप लावलं होतं. कुलूप जागेवर होतं. बारावी बरणी नव्हती.

मी त्या दिवशी शाळेत होतो तो काट्यांसाठी. वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्यापासून दर सहा महिन्यांनी मी या शाळेचे सहा वजनकाटे तपासून देतो. सगळे मला काटेसाहेब म्हणतात. या वेळी जरा लवकर बोलावणं आलं होतं. चित्रकलेच्या सरांचा निरोप होता की त्यांचा काटा जास्त दाखवतोय. सकाळीच मी त्यावर माझी वजनं ठेवून पाहिली होती. काटा ग्रॅमाला चुकत नव्हता. सरांना तसं सांगायला निघालो होतो, तेवढ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रयोगशाळेच्या दारातून हाक मारली.

"भाऊजी, काटे राहू द्या. आत या आणि दार लावून घ्या."

माझी बायको या शाळेत एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. मोठ्या बाई तिच्या मैत्रीण, म्हणून मी भाऊजी. तिला जाऊन चार महिने झाले. त्या खोलीत मी त्यानंतर पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

"ही कपाटं तुमच्या हिनं लावलेली," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिच्या सवयी तुम्हाला माहीत. काय गेलंय ते वाचा."

मी यादी वाचली. बेरियमचा क्षार. पांढरी पूड. अर्धा किलो. पोटात गेल्यास विष.

"किती गेलं तर?" मी विचारलं.

"मोठ्या माणसाला चमचाभर खूप झालं," नव्या बाई म्हणाल्या. "लहान मुलाला त्याहून बरंच कमी."

"दिसते कशी?"

"पिठासारखी. वास नाही, चव नाही."

"पोलिसांना कळवलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "यायला तासभर लागेल. तोवर कुणालाही फाटकाबाहेर सोडू नका म्हणालेत. चार वाजता शाळा सुटते, भाऊजी. सहाशे बारा मुलं आहेत."

सहाशे बारांमधली एक माझी नात होती. चिमी, पहिलीत. मुलगी आणि जावई नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतात. चिमी आमच्याकडे वाढली. आता घरात ती आणि मी, एवढेच.

"मधल्या सुट्टीचं जेवण?" मी विचारलं.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "एक वाजता झालं. सगळी जेवली."

२

स्वयंपाकघरात आम्ही तिघं जवळजवळ धावतच गेलो. मावशी एकट्या होत्या, भांडी पालथी घालत होत्या. आणि चुलीशेजारच्या फळीवर तपकिरी काचेची बरणी होती. गळ्यापर्यंत पांढरी.

नव्या बाईंनी भिंतीला हात टेकला. "तीच आहे. काठाला टवका उडालेला आहे बघा. मी यादीत लिहिलंय."

"मावशी, यात काय आहे?" मी विचारलं.

"मीठ. मिठाच्या जागी दुसरं काय असणार?"

"कुठून आलं?"

"दुकानातून येतं, काटेसाहेब. वीस वर्षं या पोरांना घास भरवतेय मी, आणि आज तुम्ही मला मीठ कुठलं ते विचारताय."

मी पुढे होईपर्यंत मावशींनी बरणीत बोट बुडवून चाटलंसुद्धा. मावशींनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट हळूच पदराला पुसलं.

"काय झालंय? मीठच आहे ना ते?"

मी पेल्यात पाणी घेतलं, बरणीतला चमचाभर ऐवज टाकला आणि ढवळलं. आम्ही चौघं त्या पेल्याकडे बघत उभे राहिलो. नव्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं की ती पूड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. पेल्यातलं पाणी आधी गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं. तळाशी काही उरलं नाही.

"मीठ आहे," मी म्हणालो.

मावशी खाली पाटावर बसल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरणी सकाळी आठ वाजता चित्रकलेच्या वर्गाबाहेरच्या मांडणीवरून आणली. या शाळेत धुतलेली प्रत्येक रिकामी बरणी त्या मांडणीवर येते आणि ज्याला हवी तो ती नेतो. बरणी स्वच्छ होती, कोरडी होती, वर कागद नव्हता. मिठाची जुनी बरणी फुटली होती, म्हणून ही घेतली आणि पुडा फोडून भरली.

म्हणजे बरणी सापडली होती. ती गुरुवारी सकाळी आठच्या आधीच कुणीतरी रिकामी केली होती, तिचा कागद काढला होता, तिला धुऊन वाळवलं होतं.

मला यात बरं वाटण्यासारखं काही दिसेना. आतापर्यंत विष निदान एका बरणीत होतं आणि बरणीवर नाव होतं. आता ते बिननावाचं कुठेतरी होतं.

"हे कुणी मुद्दाम केलं असेल का हो?" मावशींनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आतच दारात माळी येऊन उभा राहिला. मोठ्या बाईंना शोधत आला होता.

"बाई, खतखड्ड्यापाशी जरा येता का? तीन उंदीर मेलेत. मोठे आहेत."

३

शाळेच्या मागच्या अंगाला तीन खतखड्डे आहेत. ओला कचरा तिथे जातो. माझ्या बायकोने सात वर्षांपूर्वी ही सगळी व्यवस्था सुरू केली. कागद, धातू, प्लास्टिक, काच, ओलं, घातक, सगळं वेगळं आणि सगळं मोजून. रोज तीन वाजता व्हरांड्यात प्रत्येक वर्गाचा कचरा तोलतात आणि फळ्यावर आकडे लिहितात. ज्याचा आकडा सगळ्यात लहान, त्या वर्गाच्या दारावर हिरवा झेंडा. पोरं त्या झेंड्यासाठी जीव टाकतात.

उंदीर खड्ड्याच्या कडेला एका फरशीवर मांडून ठेवले होते.

नव्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही पूड पूर्वी उंदरांसाठीच वापरायचे. आणि या माळ्यानं माझ्याकडे दोनदा औषध मागितलं होतं. मी नाही म्हटलं."

माळ्याला ते ऐकू गेलं. "मागितलं होतं. लपवतोय कशाला? खड्ड्यात उंदीर झालेत. औषध द्या म्हटलं, तर म्हणे खत खराब होतं. पिंजरा लावू म्हटलं, तर म्हणे मुलं बघतील. मग काय, उंदरांना अर्ज करू?"

"प्रयोगशाळेची किल्ली तुझ्याकडे असते?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे फावडं असतं, बाई."

मी काडीने पहिला उंदीर उलटा केला. मग दुसरा, मग तिसरा. तिघांच्याही पाठीवर एकाच जागी आडवा खोल वळ होता आणि कणा मोडलेला होता.

"विषानं कणा मोडत नाही," मी म्हणालो. "सापळा कुठे आहे?"

माळी खताच्या पोत्यांमागे गेला आणि तारेच्या कमानीचा लोखंडी सापळा घेऊन आला. "घरनं आणला. मुलं बघतील म्हणून लपवला होता. नोकरी घालवू नका."

मोठ्या बाई त्याच्यावर रागावणार होत्या, पण तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. दोन वाजून गेले होते. मुलांच्या पाढ्यांचा आवाज तिथपर्यंत येत होता. एरवी मला तो आवाज आवडतो. त्या दिवशी मी त्यातला एखादा आवाज कमी होतोय का, एवढंच ऐकत होतो.

"काल तपकिरी बरणी धुताना कुणाला पाहिलंस?" मी माळ्याला विचारलं.

"बरण्या तर रोजच धुतात. काल दुपारी नाना धूत होते. चित्रकलेच्या वर्गाबाहेरच्या नळावर."

"प्रयोगशाळेत नळ आहे की."

"मंगळवारपासून बंद आहे तो. दुरुस्तीला माणूस आलेला नाही." माळ्याने सापळा पोत्यात गुंडाळला. "त्या नळावर नाना एकच बरणी धूत होते. त्यासाठी एवढ्या लांब कशाला आले, म्हणून लक्षात राहिलं."

४

नाना प्रयोगशाळेचे परिचर, खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. माझ्या बायकोच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढलेला माणूस. ती गेली तेव्हा स्मशानातून सगळ्यात शेवटी निघालेले नानाच होते.

आम्ही आत गेलो तेव्हा ते धातूच्या डब्यातली झाकणं निवडत बसले होते. कागदाच्या टोपलीत वरच्यावर एक भिजून वाळलेला कागद पडला होता. मी तो उचलला. बेरियमचा क्षार.

"नाना, ही बरणी तुम्ही धुतलीत?"

"धुतली." त्यांनी मान वर केली नाही.

"आत काय होतं?"

"रिकामी होती."

"बुधवारी सकाळी भरलेली होती," नव्या बाई म्हणाल्या. "मी हातात धरून पाहिली होती."

"मग तुमच्या हाताला विचारा."

मोठ्या बाई पुढे झाल्या. "नाना, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. पोलीस येतायत."

नानांच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल फिरत राहिलं. त्यांनी ते पायाखाली दाबलं.

"मी काही फेकलेलं नाही," नाना म्हणाले. "देवाशपथ सांगतो, मोरीत नाही, कचऱ्यात नाही. मी फेकलेलं नाही."

मग एकदम नव्या बाईंकडे बोट केलं. "यांना विचारा की. काल काय म्हणाल्या मला? पाचाच्या आत आणा म्हणाल्या."

"कसले पाच?" मी विचारलं.

नव्या बाईंचा चेहरा उतरला. "घातक कचरा वर्षाला पाच किलोच्या आत असावा, असा या शाळेचा नियम आहे. आजवर कधी मोडला नाही. बारा बरण्या पाच किलो चारशे भरत होत्या. उद्या गाडीबरोबर पाहणीचे लोक येणार आहेत. मी नानांना म्हटलं, बघा काही कमी होतंय का. माझा अर्थ असा होता की एखादी बरणी मुळात घातक नसेलही. मी पुन्हा तपासणार होते."

"काय कमी करायचं ते सांगितलंत?"

"नाही."

"आणि आता त्या अकरा बरण्या किती भरतात?"

"चार किलो नऊशे."

नाना गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. हा माणूस खोटं बोलत होता, पण सगळंच खोटं बोलत नव्हता. बरणी रिकामी होती हे खोटं होतं. फेकलं नाही हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज वेगळा होता. तेवढं खरं असावं.

मला पटलं ते दुसऱ्या कारणाने. या शाळेत काही फेकतच नाहीत. फेकायची सवयच मोडली आहे. पेन्सिलीचा भुगा खतात जातो, वहीची तार धातूत जाते, पाकिटावरचा डिंकसुद्धा खरवडून घेतात. आम्ही तासभर शोधत होतो की विष टाकलं कुठे. प्रश्नच चुकला होता. अर्धा किलो पांढरी पूड हातात आली तर या शाळेतला माणूस ती कुठे ठेवेल, हे विचारायला हवं होतं.

मी उठलो आणि व्हरांड्यातल्या आकड्यांच्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो. कागद, काच, धातू, ओलं. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, ती मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. त्या ओळीतला बुधवारचा आकडा मी दोनदा वाचला.

५

"चित्रकलेच्या सरांना बोलवा," मी म्हणालो. "धावत."

सर आले. हातांना रंग तसाच होता.

"काटेसाहेब, काटा दुरुस्त झाला का?"

"तुमचा काटा बरोबर आहे. फळ्यावर सगळ्यात खाली तुमच्या खडूंचं वजन असतं. काल खडू किती केलेत?"

"शंभर. नेहमीप्रमाणे. वर्गांमधून खडूचे तुकडे आणि भुकटी गोळा होते, ती एका पिंपात साठवतो. बुधवारी चाळतो, थोडं प्लास्टर घालून कालवतो आणि साच्यात ओततो. नवीन खडू विकत आणावा लागत नाही. तुमच्या बाईंचीच कल्पना."

"आणि शंभर खडूंचं वजन?"

"नेहमी एक किलो. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. काल एक किलो दोनशे साठ दाखवलं. म्हणून तर तुम्हाला निरोप दिला."

"साचा तोच?"

"साचा एकच आहे."

"साचा तोच, खडू शंभरच आणि काटा बरोबर. मग खडू जड झाले. नव्या बाई, ती पूड खडूच्या भुकटीपेक्षा जड असते?"

"बरीच जड," नव्या बाई म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. त्यांनी हात तोंडावर ठेवला.

मी नानांकडे वळलो. ते आमच्या मागोमाग येऊन दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

"खडूच्या पिंपात ओतलंत ना?"

"खडूच होता तो," नाना म्हणाले. "काटेसाहेब, खालच्या फळीवर तुमच्या बाई खडूची भुकटीच ठेवायच्या. तुम्हाला माहीत आहे. जुन्या बरण्यांत भरायच्या, वरचे कागद तसेच असायचे. मीच किती वेळा पिंपात ओतलाय. ही बरणीही खालच्याच फळीवरची. मला वाटलं, नव्या बाईंनी कागद बघून यादीत घातली, आत खडू आहे. ओतलं, कागद भिजवून काढला, बरणी धुतली. आज दुपारी यांनी विष विष म्हणायला सुरुवात केली, तेव्हा माझी जीभच उचलेना. मी मनाला सांगत होतो, खडूच होता."

मला माहीत होतं. आमच्या घरी आजही साखर ज्या बरणीत आहे, तिच्यावर तुरटी असं छापलेलं आहे. चांगली बरणी ती टाकायची नाही आणि कागद काढायचा कंटाळा करायची. कागद काढायचा नियम शाळेने नंतर केला. खालच्या फळीवरच्या सगळ्या बरण्यांत तिचा खडू होता, एकीत नव्हता. ती आजारपणामुळे एकाएकी रजेवर गेली आणि कुणाला सांगायचं राहून गेलं.

हे मी सगळ्यांसमोर बोललो. मोठ्या बाई म्हणाल्या, "ते नंतर, भाऊजी. ते खडू कुठे आहेत?"

सरांनी ओठ ओले केले. "आज सकाळी वाटले. मोठ्या वर्गांत आता पांढरे फळे आहेत. खडू फक्त पहिली ते चौथी. प्रत्येक वर्गाला पंचवीस."

"हात लावला तर काही होत नाही," नव्या बाई घाईने म्हणाल्या. "पोटात गेलं तरच."

पहिलीतली पोरं खडूचं काय करतात, ते तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

६

चौघं चार वर्गांत गेलो. आरडाओरडा करायचा नाही असं ठरलं होतं. खडू गोळा करायचे, डस्टर गोळा करायचे, मुलांना हात धुवायला लावायचे. मोठ्या बाईंनी तोवर दवाखान्यात फोन लावला.

मी पहिलीत गेलो. तिथल्या बाईंना बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी टेबलावरचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी मोजलं. आखूड झालेले धरून चोवीस.

"एक कमी आहे."

"शक्य नाही. मी सकाळी मोजून घेतले."

"फळ्याखाली पडला असेल."

फळ्याखाली नव्हता. बाकांखाली नव्हता. चौथीतून सर आले, पंचवीस. तिसरीतून नव्या बाई आल्या, पंचवीस. दुसरीतून खुद्द नाना आले. डबा छातीशी धरला होता. पंचवीस.

मी मुलांसमोर उभा राहिलो. तीस चिमुकली तोंडं.

"खडू कुणी घेतलाय का रे? कुणी रागावणार नाही."

पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी शेजारणीकडे बघू लागली. शेजारणीने तिला कोपर मारलं.

"सांग ना ग," मी खाली वाकलो. "काय झालं?"

"सांगितलं तर आमचा झेंडा जाईल."

"नाही जाणार."

"खडू हरवला की आकड्यात धरतात. आम्ही तीन दिवस पहिले आहोत." तिने आवाज आणखी बारीक केला. "तिनं सांगितलं, कुणाला सांगू नका."

"कुणी?"

तिने बोट दाखवलं ते दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे. मी तिथलं दप्तर ओळखलं. त्याचा तुटलेला बंद मी स्वतः शिवला होता.

वर्गाच्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमची चिमी मघाशी पोट दुखतंय म्हणाली. मी तिला आजारी मुलांच्या खोलीत झोपवून आले. अर्धा तास झाला. काटेसाहेब, मला वाटलं, जेवण जास्त झालं असेल."

७

ती खाटेवर कुशीवर पडली होती. शेजारच्या बादलीत उलटी होती. तोंडाच्या कडा पांढऱ्या होत्या. माझ्याकडे बघून तिने उठायचा प्रयत्न केला आणि तिला उठता येईना. "आजोबा, माझे पाय झोपलेत," ती म्हणाली.

तिची मूठ मी उघडली. आत अर्धा खडू होता.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी तिला उचललं, चित्रकलेच्या सरांनी गाडी काढली, एवढं आठवतं. पण एक गोष्ट मी केली, आणि ती हाताच्या सवयीने केली. निघता निघता व्हरांड्यातल्या काट्यावर तो तुकडा ठेवला. सात ग्रॅम. अख्खा खडू साडेबारा भरत होता. म्हणजे साडेपाच ग्रॅम गेला. पिंपात ओतलेली पूड अर्धा किलो, सगळे खडू सव्वा किलो. म्हणजे दोन ग्रॅमांच्या जरा वर विष. गाडीत मी हे आकडे पुन्हा पुन्हा म्हणत होतो, विसरू नयेत म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लंय, माहीत आहे?" मी नाव सांगितलं, वजन सांगितलं, वेळ सांगितली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच परिचारिकेला हुकूम दिले. एक क्षार पोटात द्यायचा, तो त्या विषाला बांधून टाकतो. दुसरा शिरेतून, कारण हे विष अंगातली ताकद ओढून घेतं. पाय जातात, मग हात, मग श्वास.

"नुसती उलटी म्हणून आणली असतीत तर आम्ही नुसत्या उलटीचं औषध दिलं असतं," त्या म्हणाल्या. "आता बघू. हातही पडतील, पण सकाळपर्यंत ते उचलता आले पाहिजेत."

संध्याकाळी तिचे हातही पडले होते. नाकात नळी होती. डोळे उघडे होते आणि ते माझ्यावरून हलत नव्हते. मी विचारलं, "खडू का खातेस, बाळा?"

"बरा लागतो."

"कधीपासून?"

"आजी गेली तेव्हापासून." मग थोड्या वेळाने म्हणाली, "घरी भिंत खाते."

तिच्या पलंगामागच्या भिंतीचा चुना गेले चार महिने उडत होता. भिंतीने ओल धरली असं समजून मी दोनदा चुना लावला होता. बायकोने एका दिवसात ओळखलं असतं. मी जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले आणि घरातल्या घरात एवढं कमी होत गेलेलं मला दिसलं नाही. मुलगी आणि जावई सकाळच्या पहिल्या गाडीने पोचणार होते. त्यांना काय सांगायचं, ते मी ठरवत होतो आणि ठरत नव्हतं.

सकाळी सहा वाजता दारात नाना दिसले. मोठ्या बाईंनी त्यांना घरी बसायला सांगितलं होतं, पोलीसही विचारून गेले होते. ते आत येईनात.

"मला काही म्हणा, काटेसाहेब," ते म्हणाले. "काहीतरी म्हणा."

मला त्यांना मारावंसं वाटत होतं, हे खरं आहे. पण मी आदल्या दिवशी पोलिसांनाही जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. फळी तिची, बरण्या तिच्या, कागद तिने काढले नव्हते. पाचाच्या आत आणा असं सांगितलं नव्या बाईंनी. ओतलं तुम्ही. आणि विष आहे हे ऐकल्यावरही तासभर गप्प बसलात, तो तास मात्र फक्त तुमचा आहे.

नानांनी मान हलवली. "तो माझाच."

ते तिथेच दाराबाहेरच्या बाकावर बसले. मी जा म्हटलं नाही.

सात वाजता डॉक्टरीणबाई आल्या. चिमीच्या तळहातात बोट ठेवून म्हणाल्या, "दाब बघू." काही झालं नाही. त्यांनी दुसरा हात धरला. तिथेही काही झालं नाही. त्या काहीतरी लिहायला खिडकीपाशी गेल्या.

तेवढ्यात परिचारिका ओरडली. चिमीचा उजवा हात गादीवरून उठला होता. तो लटपटत छातीवर आला, हनुवटीपर्यंत चढला, नाकातल्या नळीला लागला आणि तिने ती नळी ओढून काढली.

"अग ए, सोड," परिचारिका तिचा हात धरून म्हणत होती. "किती ग ताकद हिच्यात. आजोबा, बघत काय बसलात? धरा की तिला."

मी उठलो आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. ती तो सोडवून घेण्यासाठी ओढत होती, आणि मी सोडत नव्हतो.